ओहोटीच्या चिखलावरच्या त्या गुंडाळ्या कोणाच्या?

खारावारा

गेल्या महिन्यात वाडेन समुद्राच्या चिखलात चालायला गेलो होतो. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्याला लागून सुमारे ५०० किलोमीटर पसरलेला हा उथळ समुद्र. ओहोटीला पाणी मागे सरलं की मैलच्या मैल तळ उघडा पडतो. पहिली दहा मिनिटं माझं सगळं लक्ष बूट चिखलात राहू नये याकडेच होतं (एक राहिलाच, हाताने उपसून काढला). मान खाली होती म्हणूनच ते दिसलं असावं. जिकडे बघावं तिकडे ओल्या वाळूच्या सुतळीची वेटोळी! जमिनीखालून कोणीतरी टूथपेस्टची ट्यूब दाबतंय असं वाटावं. आणि प्रत्येक वेटोळ्यापासून वीतभरावर बशीएवढा खळगा.

आमच्या वाटाड्या बाईंनी दातेरी फावड्याने एक ढेकूळ उपसलं. वरचा बोटभर थर तपकिरी, त्याखाली एकदम काळाकुट्ट गाळ, नासक्या अंड्याचा वास. त्या काळ्यातून एक फिकट तपकिरी नळी खाली गेलेली, आणि नळीत तो बसलेला. तळहातावर घेतला. वीतभर लांब, पुढचा भाग करंगळीपेक्षा जाड, शेपटीकडे एकदम बारीक. रंग काळपट तांबूस. पाठीच्या दोन्ही बाजूंना लालभडक झुपके, आकसायचे आणि परत फुलायचे. ते कल्ले. हाताला पिवळा डाग पडला तो दुसऱ्या दिवशीही होता.

हा लगवर्म, शास्त्रीय नाव अरेनिकोला मरीना. लिनियसने १७५८ साली याला गांडुळांच्याच खात्यात टाकून लुंब्रिकस मरिनस म्हटलं होतं. पुढे लामार्कने अरेनिकोला, म्हणजे 'वाळूत राहणारा', असं वेगळं खातं उघडून दिलं. गांडुळाचा भाऊबंद खराच, पण लांबचा. अंगावर राठ केसांचे जुडगे असलेले १९ खंड, त्यातल्या सातव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत कल्ल्यांच्या १३ जोड्या, आणि मागे नुसती शेपूट.

बीळ इंग्रजी जे अक्षरासारखं, साधारण २० ते ४० सेंटीमीटर खोल. किडा तळाच्या आडव्या भागात पडून असतो. तोंडासमोरची वाळू गिळत राहतो, त्यामुळे वरची वाळू खचत खाली येते. तोच तो खळगा. शेपटीकडचा उभा बोगदा मोकळा. तिथून मागे मागे सरकत वर यायचं, शेपूट बाहेर काढायची, गिळलेली वाळू टाकायची आणि परत खाली. म्हणजे किनाऱ्यावर आपण ज्याचे फोटो काढत बसतो ती या महाशयांची विष्ठा!

घरी येऊन वाचायला बसलो आणि अडकलोच. हा नुसता वाळू खाणारा प्राणी असेल असं समजून गेलो होतो, पण त्याचं खरं काम पाणी ओढण्याचं निघालं. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी, चुका काढाव्यात.

निळीशाई

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: वाळूत खाण्यासारखं असतं काय? वाळू पचते का?

खारावारा

वाळू पचत नाही, जशीच्या तशी बाहेर येते. कणांवर जीवाणू, डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं, सडलेल्या वनस्पतींचा भुगा असं काय काय चिकटलेलं असतं, ते खरवडून घेतलं जातं. त्याच्या आतड्यातल्या रसात साबणासारखं काम करणारी द्रव्यंही असतात, त्यामुळे कणांना चिकटलेला स्निग्ध माल सुटा होतो. तोंडात दात-जबडे काही नाही. बारीक उंचवट्यांनी भरलेली एक मऊ सोंड उलटी होऊन बाहेर येते, वाळूत रुतते, परत आत जाते. दर खेपेला एक घास.

तळटीप

धागा छान, पण पाणी ओढण्याबद्दल एका ओळीत आटपलंत, तिथेच तर गंमत आहे. थोडं सविस्तर लिहितो.

किड्याच्या अंगावरून आकुंचन-प्रसरणाच्या लाटा शेपटीकडून डोक्याकडे जात राहतात. फुगलेला भाग बिळाच्या भिंतीला टेकतो आणि पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढे सरकतो. त्यामुळे शेपटीकडच्या बोगद्यातून ताजं पाणी आत येतं, कल्ल्यांवरून वाहतं आणि तोंडासमोरच्या वाळूत घुसतं. बाहेर जायला तिकडे दार नाही! पाणी वाळूच्या कणांमधून वाट काढत वर झिरपतं. याचे फायदे तीन. किड्याला श्वास मिळतो, समोरची घट्ट वाळू सैल होऊन गिळायला सोपी जाते, आणि वाळू गाळणीसारखी वागून पाण्यातले बारीक कण अडवते, म्हणजे जेवणात भर.

ढेकळात काळ्या गाळातून फिकट नळी दिसली म्हणालात ना, तो याच पाण्याचा पुरावा. काळा रंग लोह आणि गंधकाच्या संयुगाचा, प्राणवायू नसलेल्या गाळात तो तयार होतो. बिळाच्या भिंतीपाशी प्राणवायू पोचतो तिथे लोह गंजतं आणि रंग तपकिरी होतो. किनाऱ्याच्या पोटात प्राणवायूची नळी टाकलेला प्राणी म्हणा हवं तर.

कोडगा

तळटीप काका, हे सगळं कोणी बघितलं कसं? किडा चिखलात, चिखल काळा, बघणारा बाहेर.

तळटीप

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. ;) काका म्हणालास ते चालेल, वय तेवढं आहे.

बघणारा माणूस म्हणजे जी. पी. वेल्स, लंडनचा प्राणिशास्त्रज्ञ. (होय, विज्ञानकथावाल्या एच. जी. वेल्स यांचा मुलगा. बापाने मंगळावरून प्राणी आणले, पोराने चिखलातला एक किडा घेतला आणि आयुष्याचा मोठा भाग त्याला दिला. मला पोराचं काम जास्त आवडतं.) १९४०च्या दशकात त्याने काचेच्या वाकड्या नळीत समुद्राचं पाणी भरून त्यात लगवर्म ठेवला. किड्याने पाणी ढकललं की पातळी हलायची, पातळीबरोबर तरंगी हलायची, आणि तरंगीला जोडलेली काडी फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढायची. तासन् तास.

त्या रेघांतून निघालं ते असं. किडा साधारण दर ४० मिनिटांनी मागे सरकतो, विष्ठा टाकतो आणि मग जोरात पाणी ओढतो. त्याशिवाय खाण्याची एक वेगळी, सहा-सात मिनिटांची लय: थोडा वेळ घास, थोडा वेळ स्वस्थ, परत घास. काचेच्या नळीत वाळूचा कणही नसताना या लयी चालूच! मग त्याने अन्ननलिका कापून वेगळी ठेवली, तर तो तुकडासुद्धा तीच सहा-सात मिनिटांची लय धरून आकसत होता. भूक लागली म्हणून खाल्लं, घुसमटलं म्हणून पाणी ओढलं, असा साधा हिशोब नव्हता. घड्याळ आतच बसवलेलं आहे.

अबोली_

वाह, ही माहिती नवीन. पण दर ४० मिनिटांनी शेपूट बाहेर काढायची म्हणजे जिवाशी खेळ नाही का? टपून बसलेलं कोणी असेल तर?

खारावारा

असतंच. भरतीच्या पाण्यात चपटे मासे, ओहोटीला पक्षी. लांब चोचीचा कुरव खोल चोच घालून अख्खा किडा ओढून काढतो, बाकीच्यांना बऱ्याचदा शेपटीवर समाधान मानावं लागतं. शेपटीचं टोक शत्रूच्या तोंडात सोडून किडा खाली सटकतो. म्हणून पूर्ण लांबीची शेपूट असलेले वयस्कर लगवर्म कमीच सापडतात.

तुटलेले खंड परत येत नाहीत. उरलेले खंड थोडे लांबतात, तेवढंच. शेपूट म्हणजे हप्त्या-हप्त्याने भरायचं कर्ज आहे त्याचं.

कोडगा

बरं, आणि ओहोटीत सहा तास पाणी नसतं तेव्हा? पंप कोरडा चालवला की मोटर जळते असं आमच्याकडचे मेकॅनिक सांगतात.

तळटीप

पंप बंद ठेवतो. बिळात साचलेलं पाणी असतं, पण त्यातला प्राणवायू बघता बघता संपतो. मग तो प्राणवायूशिवाय ऊर्जा काढण्याच्या मार्गावर जातो. आपल्या स्नायूंत अशा वेळी लॅक्टिक आम्ल साचतं, याचं रसायन वेगळं. आधी ॲलॅनोपिन, स्ट्रोम्बिन असली संयुगं, जास्त वेळ झाला तर सक्सिनेट, पुढे ॲसिटेट आणि प्रोपिओनेट. शेवटची दोन अंगाबाहेर टाकता येतात. शिवाय आजूबाजूच्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड हे विषच. तेही त्याला बऱ्यापैकी झेपतं, अंगात शिरलेल्या सल्फाइडचं तो थायोसल्फेटमध्ये रूपांतर करतो.

गुळगुळीत

तो हिमोग्लोबिनवाला किडा हाच ना? फ्रान्समध्ये याच्या रक्तापासून कृत्रिम रक्त बनवलंय असं फॉरवर्ड आलं होतं. कुठल्याही रक्तगटाला चालतं म्हणे. लवकरच रक्तदानाची गरज संपणार.

अबोली_

गुळगुळीत दादा, फॉरवर्ड अर्धं खरं आहे. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, या विषयात नाही, पण हे प्रकरण मी वाचलेलं आहे.

किडा हाच. आपलं हिमोग्लोबिन लाल पेशींच्या आत असतं, एका रेणूवर प्राणवायूचे चार रेणू बसतात. लगवर्मचं हिमोग्लोबिन पेशीत नसतं, रक्तात मोकळं विरघळलेलं असतं, आणि रेणू अवाढव्य: आपल्या रेणूच्या पन्नासेक पट वजनाचा, एका वेळी १५६ जागा. पेशीच नाहीत म्हणून पेशींच्या पृष्ठभागावरून ठरणारा रक्तगटही नाही. फ्रँक झाल या संशोधकाने यावर फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात २००७ साली हेमारिना ही कंपनी काढली. त्यांनी आधी हात घातला तो प्रत्यारोपणासाठी काढलेले अवयव टिकवण्यात. मूत्रपिंड बाहेर काढून थंड द्रवात ठेवतात तेव्हा त्याला प्राणवायू मिळत नाही, तो पुरवायला हे हिमोग्लोबिन त्या द्रवात घालायचं.

फ्रान्समध्ये ६० मूत्रपिंडांवर चाचणी झाली. त्याच दात्याचं दुसरं मूत्रपिंड नेहमीच्या पद्धतीने ठेवलेलं, त्याच्याशी तुलना. नव्या पद्धतीतली मूत्रपिंडं उशिरा चालू होण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण चाचणीचा मुख्य हेतू सुरक्षितता तपासणं हा होता, त्यामुळे त्यावरून उड्या मारू नयेत. शिरेतून देण्याचं रक्त आणि अवयव ठेवण्याचा द्रव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तदान चालू ठेवा.

गुळगुळीत

धन्यवाद ताई. ग्रुपवर दुरुस्ती टाकतो. (कोणी वाचणार नाही.)

निळीशाई

मला अजून त्या गुंडाळ्यांमध्येच रस आहे. इतके किडे इतकी वाळू उपसतात तर किनाऱ्याचं काय होतं? गांडुळांवर डार्विनने हिशोब केला होता, तसा कोणी केलाय का?

तळटीप

केलाय. डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक १८८१चं. दहा वर्षांनी, १८९१ साली, चार्ल्स डेव्हिसनने इंग्लंडच्या ईशान्येला होली आयलंडजवळच्या वाळूवर लगवर्मच्या गुंडाळ्या मोजल्या, वजन केलं आणि वर्षाकाठी किती वाळू वर येते याचा हिशोब मांडला. गांडुळांपेक्षा कितीतरी मोठा आकडा निघाला.

एक बारीक गोष्ट यातून निघते. किड्याला मोठे कण आणि शिंपल्यांचे तुकडे गिळता येत नाहीत. बारीक माल सतत वर, जाड माल खाली राहिलेला. वर्षानुवर्षं हे चाललं की बिळांच्या तळाच्या पातळीवर शिंपल्या-शंखांचा एक थर तयार होतो, जणू कोणी चाळून ठेवलाय. भूशास्त्रज्ञांना खडकात असे थर दिसले तर लाटांबरोबर किड्यांवरही संशय घ्यावा लागतो. कुठल्याशा किड्याची इंग्रजी यू आकाराची बिळं खडकात जीवाश्म म्हणून सापडतात, त्यांना नावच अरेनिकोलाइट्स दिलंय. अगदी कँब्रियन काळातल्या, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या, खडकांतही आहेत. बीळ कोणाचं ते मात्र बिळावरून सांगता येत नाही, नाव फक्त आकारावरून.

खारावारा

मी ज्यामुळे अडकलो ते आता सांगतो, निळीशाईंनी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

वाडेन समुद्रात जर्मनीचं झ्युल्ट नावाचं बेट आहे. तिथल्या संशोधकांनी २००२ साली एक प्रयोग मांडला. ४०० चौरस मीटरचे तुकडे आखले, वरची वाळू यंत्राने उपसली, १० सेंटीमीटर खोलीवर बारीक जाळी पसरली आणि वाळू परत वर टाकली. लहान प्राण्यांना वरचा थर मोकळा, पण लगवर्मला खोल बीळ करता येणार नाही. जाळी न घालता नुसती वाळू उपसून परत टाकलेले तुकडेही ठेवले, म्हणजे खणण्याचा परिणाम आणि किडा नसण्याचा परिणाम वेगळे काढता येतील. आणि अजिबात हात न लावलेलेही. (हा भाग वाचून मला फार बरं वाटलं. 'अमुक खाल्लं आणि तमुक बरं झालं' असल्या गोष्टींच्या जमान्यात कोणीतरी चिखलाचासुद्धा नीट ताळा घेतोय.)

किडे गेले तिथे बारीक गाळ आणि सेंद्रिय माल कणांमधल्या फटींत साचत गेला. वाळूतून पाणी झिरपणं घटलं. आतल्या पाण्यात सल्फाइड वाढलं, अमोनियम आणि फॉस्फेट साचलं. म्हणजे वाळू हळूहळू चिखलाकडे सरकू लागली. सगळ्यात जास्त फरक मुळातच चिखलाकडे झुकलेल्या जागी.

मी समजत होतो की वाळू आहे म्हणून तिथे लगवर्म आहे. काही जागी तरी लगवर्म आहे म्हणून वाळू वाळू राहिली आहे. माझे बूट ज्यात फसले ते चिखलाचं ठिकाण होतं, आणि आता आठवतंय, तिथे गुंडाळ्या जवळजवळ नव्हत्याच. पाय न रुतता चाललो ते सगळं गुंडाळ्यांवरून.

कोडगा

जरा थांबा. तुमच्या बुटाचा पुरावा उलटाही वाचता येतो. चिखल होता म्हणून किडे नव्हते, असंही असेल की.

खारावारा

मान्य. अगदी मऊ गाळात त्याला जमत नाही, हे खरंच आहे. बुटाचा पुरावा मागे घेतो, जाळीचा ठेवतो.

भरतीवेळ

उशिरा आलो धाग्यावर. मी काही वर्षं उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडच्या किनाऱ्यावर राहिलो, हौशी मासेमार. आमच्यात लगवर्म म्हणजे आमिष. दोन प्रकार मानतात, ब्लो लग (हा तुमचा साधा) आणि ब्लॅक लग (काळा). गळवाले पिढ्यान् पिढ्या हा फरक सांगत होते. शास्त्रज्ञांनी १९९३ साली काळ्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं, अरेनिकोला डेफोडिएन्स. काळा ओहोटीच्या खालच्या रेषेकडे, बीळ सरळ उभं आणि खोल, खळगा दिसत नाही, आणि गुंडाळी अशी नीटस गोल की घड्याळाची स्प्रिंग वाटावी. साध्याची गुंडाळी म्हणजे लहान पोराने टाकलेला दोरा.

खणताना गुंडाळी आणि खळगा यांच्या रेषेत खणायचं, नाहीतर फावड्याने तुकडे होतात. आणि खड्डा बुजवायचा. हा नियम लोक मोडतात, मीही सुरुवातीला मोडला आणि एका म्हाताऱ्या मासेमाराच्या शिव्या खाल्ल्या. हाताने खणणाऱ्यांनी फार बिघडत नाही अशी माझी समजूत आहे, पण डच वाडेनमध्ये यंत्राने खणतात. तिथल्या एका भागात चार वर्षं यंत्र चाललं तेव्हा लगवर्मची संख्या निम्म्यावर आली, आणि मोठे सॉफ्टशेल क्लॅम शिंपले तिथून जवळजवळ नाहीसे झाले. किडे सावरले, पण एकूण प्राणिजीवन पूर्वपदावर यायला काही वर्षं गेली.

आता मला एक सांगा. नोव्हेंबरच्या आसपास एकदा ओहोटीत गुंडाळ्यांच्या शेजारी पांढरट दुधाळ डबकी दिसली होती. तेव्हा वाटलं कोणी काहीतरी ओतलं. ते काय असावं?

तळटीप

तुम्ही नशीबवान. ते लगवर्म नरांचं वीर्य. याच्यात नर-मादी वेगळे, आणि दोघेही आपापलं बीळ सोडत नाहीत. मग भेट कशी? शरद ऋतूच्या शेवटी ठरावीक काही दिवसांत एका किनाऱ्यावरचे बहुतेक नर ओहोटीच्या वेळी वीर्य वर सोडतात. थारोळी तशीच पडून राहतात. माद्यांनी अंडी बिळातच सोडलेली असतात. भरती आली की पाण्यात मिसळलेलं वीर्य माद्यांच्या बिळांवरून जातं आणि त्यांचा पंप ते आत ओढून घेतो. जो पंप श्वासाला, तोच लग्नाला! नरांमध्ये हे सुरू करणारं संप्रेरक एक साधं मेदाम्ल निघालं, तेही डोक्यातून सुटतं.

पिल्लं सुरुवातीला आईच्या बिळातच, मग बाहेर पडून शिंपल्यांच्या वसाहतीत किंवा शेवाळात हिवाळा काढतात, आणि वसंतात किनाऱ्याच्या वरच्या बाजूला येऊन स्वतःची बिळं करतात. वाडेनमध्ये हे बालवाडीचे पट्टे वेगळे ओळखू येतात, गुंडाळ्या अगदी दोऱ्याएवढ्या. मोठे झाले की खालच्या बाजूला स्थलांतर, तेही बीळ सोडून भरतीच्या पाण्याबरोबर वाहत. मोठे किडे आपल्या जागेत पोरांना टिकू देत नाहीत, सगळी वाळू सतत उपसत असतात ना.

अबोली_

आणि अंडी सोडल्यावर मरतात का, काही सागरी किड्यांसारखे?

तळटीप

नाही. पुढच्या वर्षी परत. दुसऱ्या वर्षी वयात येतात आणि पाच-सहा वर्षं सहज जगतात.

निळीशाई

खारावारा, परत गेलात तर बाल-गुंडाळ्यांचा फोटो टाका. शेजारी आगपेटीची काडी ठेवून, म्हणजे माप कळेल.

खारावारा

नक्की. दुधाळ डबकी बघायला नोव्हेंबरचीच ओहोटी शोधतोय. आमच्या वाटाड्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "थंडीत कोणी येत नाही म्हणून आम्ही फेऱ्या बंद ठेवतो." म्हणजे किड्यांचं लग्न असतं तेव्हाच नेमके पाहुणे नसतात.

भरतीवेळ

गुडघ्यापर्यंतचे बूट घ्या, आणि एक माप लहान. मोठे बूट चिखलच ठेवून घेतो.